३२,७६८ तासांची संक्रांत: अंबडमधल्या एका ब्लेड चेसिसच्या फर्मवेअर अपडेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. कारखान्याचं, त्याच्या ग्राहकाचं आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तेव्हा तिथल्या आयटी विभागात होतो. विभाग म्हणजे आम्ही चौघं: आमचे सर, मी, नेटवर्क बघणारा एक तरुण सहकारी आणि टोनर, पासवर्ड, 'माझा मेल उघडत नाही' यांत दिवसभर अडकलेला एक मुलगा.

सर्व्हर रूममध्ये १० यू (साधारण साडेसतरा इंच) उंचीचं एक ब्लेड चेसिस होतं, म्हणजे ब्लेड नावाचे चपटे सर्व्हर शेजारी शेजारी खोचायचा एक पेटारा. त्यात अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड मावतात, आमच्याकडे १० होते. पहिले सहा एप्रिल २०१६ मध्ये आले आणि उरलेले चार मार्च २०१७ मध्ये. आठ ब्लेडवर व्हीएमवेअर होतं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर असे साठेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालत. उरलेल्या दोनपैकी एकावर, जो २०१६ च्या सहांतला होता, थेट ईआरपीचा (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, दुसऱ्यावर बॅकअप सर्व्हर. व्हीएमचा डेटा वेगळ्या स्टोरेजवर होता, पण डेटाबेसचा सगळा संसार त्या ब्लेडमधल्या दोन एसएसडींच्या रेड-१ जोडीवर होता, म्हणजे एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या दोन डिस्कवर. हा निर्णय कोणी घेतला हे विचारायचं नाही, मीही त्या बैठकीत होतो.

रॅकमधला साधा सर्व्हर म्हणजे स्वतंत्र घर. बंद करा, अपडेट करा, चालू करा, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. ब्लेड म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. खोली आपली, पण नळ, मीटर आणि दिंडी दरवाजा सगळ्यांचा एकच. वीज, पंखे, मॅनेजमेंट मॉड्यूल आणि बाहेर जाणारं नेटवर्क सामाईक. म्हणून ब्लेडचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलणं हे तीन थरांचं काम: चेसिसवर देखरेख करणारी मॅनेजमेंट मॉड्यूल्स, एकेक ब्लेड, आणि मागच्या बाजूची, ब्लेडना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी इंटरकनेक्ट मॉड्यूल्स. मॅनेजमेंट आणि इंटरकनेक्ट दोन्ही आमच्याकडे जोडीने होती, म्हणजे एक गेलं तर दुसऱ्याने सांभाळावं.

बसवल्यापासून या तिन्ही थरांना कोणी हात लावला नव्हता. 'चालतंय ना, मग कशाला?' हे आमचं धोरण. रॅकच्या दाराला खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार डिसेंबरातही वाळून लटकत होता. तेवढीच काय ती चेसिसची देखभाल.

अडचण

नोव्हेंबर २०१९ च्या उत्तरार्धात एका मोठ्या सर्व्हर कंपनीची तातडीची सूचना आली. ठरावीक मॉडेलच्या सॅस एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. डिस्कही परत मिळणार नाही आणि तिच्यातला डेटाही. त्याआधी डिस्कचं नवं फर्मवेअर टाकणं हा एकच उपाय.

संगणकाशी थोडीफार ओळख असलेल्याला तो आकडा पाहूनच पोटात गोळा येतो. दोनाचा पंधरावा घात. १६ बिटांत चिन्हासह मोजायला बसलं तर ३२,७६७ पर्यंत जाता येतं, पुढच्या पावलाला मोजणी उलटते. वर्षांत सांगायचं तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास.

सोमवारी, २ डिसेंबरला आम्ही मॉडेल क्रमांक ताडून पाहिले. २०१६ च्या सहाही ब्लेडमध्ये त्याच डिस्क होत्या. डेटाबेसच्या ब्लेडवर 'पॉवर ऑन अवर्स' होते ३१,६१२, आणि दोन्ही डिस्कवर तोच आकडा. राहिले १,१५६ तास, म्हणजे ४८ दिवस. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत मोजलं आणि १९ जानेवारीवर थांबले. "संक्रांतीनंतर चार दिवसांनी आपल्यावर संक्रांत," एवढंच म्हणाले.

डोकं चक्रावलं ते त्या 'तोच आकडा'मुळे. एक डिस्क मेली तर दुसरी आहे, या भरवशावर रेड उभं असतं. त्यामागे एक न बोललेलं गृहीत आहे, की दोघी वेगवेगळ्या वेळी मरतील. आमच्या दोघी एकाच खोक्यातून निघाल्या, एकाच मिनिटाला चालू झाल्या, आणि एकाच तासाला जाणार होत्या. बदली डिस्क बसवून रीबिल्ड करायलाही, म्हणजे जिच्यावरून पुन्हा प्रत भरायची ती, कोणी उरली नसती.

दुसरी अडचण वेळेची. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, साप्ताहिक सुट्टी शनिवारी. दुसरी पाळी रात्री १२ ला सुटते आणि शुक्रवारी रात्री तिसरी पाळी नसते. मोकळा वेळ म्हणून तोच दिसत होता. पण महावितरणची देखभालही बहुतेक शनिवारीच निघते. सबस्टेशनला फोन केल्यावर कळलं, १४ डिसेंबरला सकाळी ९ पासून आमच्या फीडरवर शटडाऊन आहे. यूपीएस आणि जनरेटर होते, पण फर्मवेअर अर्धवट लिहिलेलं असताना बदलाबदलीत वीज लचकली तर मॉड्यूलचा दगड होतो. म्हणजे सगळं ९ च्या आत आवरायला हवं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, नव्या डिस्क घेऊन जुन्या काढणं. बारा डिस्कचा खर्च, त्यातही आमच्या मॉडेलची डिलिव्हरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 'होऊ शकेल' असं विक्रेता म्हणाला. त्या 'होऊ शकेल'वर ४८ दिवसांचं गणित टांगायची कोणाची तयारी नव्हती. तरी त्याच्याकडे शिल्लक असलेल्या वेगळ्या मॉडेलच्या दोन डिस्क घेऊन ठेवल्या. हा निर्णय पुढे कामी आला.

दुसरा, एका शनिवारी अख्खं चेसिस बंद करून सगळं एकदम उरकणं. कागदावर सोपा. पण साठ व्हीएम, ईआरपी, हजेरी, सगळं सहा ते आठ तास बंद, आणि काही बिघडलं तर एकाच वेळी दहा ब्लेड समोर आडवे.

तिसरा, फक्त डिस्कचं फर्मवेअर. सहा ब्लेड, प्रत्येकी एक छोटी फाइल, बाकी कशाला स्पर्श नाही.

चौथा, कंपनीचं पूर्ण फर्मवेअर बंडल, म्हणजे सगळ्या भागांची फर्मवेअर एकत्र, टप्प्याटप्प्याने. एकेक व्हीएमवेअर ब्लेड रिकामा करायचा, अपडेट करायचा, परत आणायचा. शेवटी शनिवारी डेटाबेस आणि इंटरकनेक्ट.

आम्ही चौथा निवडला. युक्तिवाद माझाच होता, म्हणून तो लिहितो. तीन वर्षांत एकदाही अपडेट नाही; सपोर्टला फोन केला की पहिला प्रश्न 'बंडल कोणतं?' असतो, नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर आणि व्हीएमवेअरचा ड्रायव्हर यांची जोडी कंपनीच्या यादीत बसत नव्हती, आणि एवढी परवानगी पुन्हा कधी मिळणार? लग्नाच्या मांडवात मुंजही उरकून घ्यावी, असा सरळ हिशेब. नेटवर्कवाला सहकारी म्हणाला होता, "डिस्कचं घाईचं आहे ना, मग तेवढंच करू की." मी त्याला बंडलचे फायदे समजावून सांगितले.

परवानगीच्या बैठकीला उत्पादन, गुणवत्ता, स्टोअर आणि हिशेब विभाग होते. शनिवारी कारखाना बंद म्हणून डिस्पॅचला बोलावण्याचं कोणाच्या मनातही आलं नाही.

प्रत्यक्ष काम

बंडलच्या सूचनापत्रात क्रम दिला होता: आधी मॅनेजमेंट मॉड्यूल्स, मग ब्लेड, शेवटी इंटरकनेक्ट. बुधवारी, ४ डिसेंबरला मॅनेजमेंटपासून सुरुवात केली. राखीव मॉड्यूल आधी, मग अदलाबदल, मग दुसरं. चालू ब्लेडना याचा काही फरक पडत नाही. फक्त मॉड्यूल रीस्टार्ट होत असताना चेसिसला आपलं तापमान कळेनासं होतं आणि सगळे पंखे पूर्ण वेगाने सुटतात. बाहेरून सिक्युरिटीचे काका धावत आले, "ओझरचं विमान इकडं आलं का काय?"

गुरुवारी एक ब्लेड नमुना म्हणून घेतला. इथली एक बारीक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. बंडलची आयएसओ फाइल कित्येक जीबीची असते. माझ्या लॅपटॉपवरून रिमोट कन्सोलने ती जोडली तेव्हा ब्लेड नुसता बूट व्हायलाच पाऊण तास गेला. मग तीच फाइल रॅकमधल्या एका व्हीएमवर, साध्या वेब सर्व्हरवर ठेवली आणि ब्लेडला तिथून दिली. पूर्ण अपडेट, दोन रीबूट धरून, ५० मिनिटांत.

सोमवार ते गुरुवार, ९ ते १२ डिसेंबर, रोज रात्री दोन या हिशेबाने उरलेले सात व्हीएमवेअर ब्लेड झाले. ब्लेडला मेंटेनन्स मोडवर टाकलं की त्यावरचे व्हीएम चालू अवस्थेतच शेजारी सरकतात, वापरणाऱ्याला कळतही नाही. अडले दोनदा. एकदा २ टक्क्यांवर गाडी रुतली, कारण एका व्हीएमला कोणीतरी दोन वर्षांपूर्वी सीडी जोडून तशीच ठेवली होती. दुसऱ्यांदा एक व्हीएम जागचा हलेना, कारण डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं यूएसबी डोंगल त्या ब्लेडलाच खोचलेलं. तो व्हीएम डिझाइनवाल्यांना विचारून दहा मिनिटं बंद केला. बाकी चार रात्रींत एक तक्रार नाही. आता वाटतं, एखादी यायला हवी होती. आम्ही जरा जास्तच निर्धास्त झालो.

डेटाबेसची रात्र

शुक्रवारी १३ तारखेला रात्री साडेबाराला डेटाबेस बंद केला. पूर्ण बॅकअप होताच, आणि आदल्या दिवशी तो एका व्हीएमवर रिस्टोर करून ईआरपीत लॉगिनही करून पाहिलं होतं. तरी सर आणि मी एका गोष्टीवर अडलो. सरांचं म्हणणं, ब्लेड बंद केल्यावर जोडीतली एक डिस्क बाहेर काढून ठेवायची. अपडेट बिघडलं तर ती जशीच्या तशी परत लावता येईल. मला भीती, की एका डिस्कवर अपडेट करणं म्हणजे आधार काढून चालणं. सर म्हणाले, "अरे, दोन्ही आत ठेवल्या तर बिघाडही दोन्हींवर एकदम होईल. आपली भानगडच ती आहे ना?"

बरोबर होतं त्यांचं. दुसरी डिस्क काढली, तिच्यावर मास्किंग टेप लावून पेनाने 'डीबी डावी १३/१२' लिहिलं आणि कपाटात ठेवली. पहिलीवर फर्मवेअर गेलं, डेटाबेस उठला, तपासणीची प्रश्नावली झाली. मग रिकाम्या जागी विक्रेत्याकडून आणलेली वेगळ्या मॉडेलची डिस्क बसवली आणि चालू अवस्थेत रीबिल्ड सोडला. आता जोडीतल्या दोघींचे तासही वेगळे आणि मॉडेलही वेगळं. दोन वाजून वीस मिनिटांनी ईआरपी परत आलं. मागितले होते दोन तास, लागला १ तास ५० मिनिटं.

तिथे थांबून घरी गेलो असतो तर हे प्रकरण लिहायला घ्यावं लागलं नसतं.

पाच वाजून चाळीस मिनिटं

योजनेप्रमाणे तीनला इंटरकनेक्ट घ्यायचे होते. पण मध्ये बॅकअपचा ब्लेड अपडेटनंतर काळ्या पडद्यावर अडकला. रीसेट, पुन्हा रीसेट, सपोर्टचा फोन, त्यांच्या रांगेतलं संगीत. शेवटी मॅनेजमेंट मॉड्यूलमधून त्या खाचेची वीजच तोडून परत दिली, म्हणजे ब्लेड बाहेर ओढून पुन्हा खोचल्यासारखं, तेव्हा उठला. तोवर सव्वापाच झाले होते.

खरा निर्णय इथे होता, आणि तो निर्णय आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. योजनेत 'तीनला सुरू' असं लिहिलं होतं. 'अमुक वाजेपर्यंत सुरू झालं नाही तर करायचं नाही' असं कुठेही नव्हतं. नऊला वीज जाणार, तीन तास हातात आहेत, दोन मॉड्यूल्सना प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रात्रभर जागलेल्या माणसाला असा हिशेब फार गोड लागतो.

आम्ही काळजीही घेतली होती. प्रत्येक व्हीएमवेअर ब्लेडला दोन वाटा होत्या, ए आणि बी. ए बंद पडली की सगळं बीवर जातं. ए परत आल्यावर लगेच उलट उडी मारून ट्रॅफिक हेलकावे खाऊ नये, म्हणून 'फेलबॅक' बंद करून ठेवलं. डॅशबोर्डवर सगळीकडे हिरव्या खुणा. ५:४० ला ए बाजूचं मॉड्यूल रीस्टार्ट केलं.

५:४४ ला गेटच्या केबिनमधून इंटरकॉम आला. डिस्पॅचचे सुपरवायझर. "साहेब, लेबल निघत नाहीये. चाकणची गाडी लागलीये, सव्वासहाला निघायची आहे."

शनिवारी चाकणची गाडी? सुट्टी आमची, ग्राहकाची नाही. त्यांची लाइन शनिवारी चालते आणि दर शनिवारी सकाळी आमच्याकडून एक गाडी जातेच. खोक्यावर बारकोड लेबल नसेल तर तिकडचं गेट माल उतरवून घेत नाही. हे कारखान्यातल्या हमालालाही माहीत होतं, आयटीला नव्हतं.

पहिली आठ मिनिटं आम्ही प्रिंटरवर घालवली. प्रिंटरवाल्या मुलाला पळवलं, त्याने रिबन बदलून पाहिली. तोवर ए मॉड्यूल परत वर आलं होतं, म्हणून आमचं ठाम मत झालं की आमचा यात संबंध नाही. मग नेटवर्कवाल्याने कोअर स्विचची, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य स्विचची, सेटिंग उघडून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "बीकडच्या ट्रंकवर व्हीलॅन ४० नाहीच."

व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर वेगळं राखलेलं नेटवर्क, आणि ट्रंक म्हणजे असे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी. लेबलसाठीचा व्हीलॅन ४० आम्ही २०१७ मध्ये बनवला. ए बाजूच्या ट्रंकच्या यादीत तो घातला, बी बाजूला घालायचा राहिला. ए कधी पडलीच नाही, म्हणून अडीच वर्षं कोणाला कळलं नाही. ए रीस्टार्ट झाल्यावर लेबल सर्व्हर इमानेइतबारे बीवर गेला. ब्लेडपासून इंटरकनेक्टपर्यंतची लिंक चालू होती, म्हणून व्हीएमवेअरच्या दृष्टीने सगळं आलबेल. पुढे स्विचवर मात्र त्याची डेटाची पाकिटं टाकून दिली जात होती. आणि ए परत आल्यावर तो आपोआप तिकडे गेला असता, लेबल दहा मिनिटांत सुरू झाली असती. पण फेलबॅक आम्हीच बंद केलेलं. सावधगिरीनेच खोळंबा लांबवला.

स्विचवर एक ओळ टाकली. ६:०३ ला पहिलं लेबल निघालं. एकूण २३ मिनिटं.

निकाल

गाडी ३५ मिनिटं उशिरा, ६:५० ला निघाली. चाकणला वेळेत पोचली, कारण चालकदादा वाटेत चहालाही थांबले नाहीत. दंड लागला नाही. सोमवारी डिस्पॅचच्या व्यवस्थापकांनी सरांना बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, "आमचं खातं तुमच्या यादीत नाही का?" याला उत्तर नव्हतं.

बी बाजू त्या सकाळी केली नाही. दोन मॉड्यूल्सवर दोन आवृत्त्या आठवडाभर राहणार होत्या, ते सपोर्टला विचारून मान्य करून घेतलं. मधल्या दिवसांत एक छोटा चाचणी व्हीएम बनवला, त्याला एकेक व्हीलॅन देऊन मुद्दाम फक्त ए बाजूवरून, मग फक्त बी बाजूवरून बाहेर पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते, पाहिलं. चौदा व्हीलॅन, दोन बाजू, अठ्ठावीस तपासण्या, एक दुपार. त्यात आणखी एक छिद्र सापडलं: हजेरीच्या यंत्रांचा व्हीलॅनही बीवर नव्हता. २१ डिसेंबरला, गाडी गेल्याचा फोन डिस्पॅचकडून आल्यावर, बी केली. एखाददुसरा पिंग चुकला, बाकी काही नाही.

१९ जानेवारीचा रविवार आला आणि गेला. सर त्या दिवशी उगाचच कामावर येऊन बसले होते.

आता करायचं झालं तर

तिसरा पर्याय घेतला असता. ४८ दिवसांची तलवार फक्त डिस्कवर होती. ती सहा ब्लेडच्या छोट्या कामाने पहिल्याच आठवड्यात उतरली असती, आणि बंडल फेब्रुवारीत निवांत झालं असतं. घाईचं काम आणि साचलेलं काम एका गाठोड्यात बांधलं की साचलेल्या कामालाही घाई लागते. इंटरकनेक्टला त्या पहाटे हात लावण्याचं एकमेव कारण 'परवानगी आहे तर करून टाकू' हे होतं.

बंडलला मात्र मी अजूनही वाईट म्हणत नाही. ड्रायव्हर आणि फर्मवेअरची जोडी जुळल्यावर दोन ब्लेडवर अधूनमधून दिसणारे नेटवर्कचे इशारे कायमचे थांबले. तेही करायलाच हवं होतं, पण त्याच्या वेळी.

वाटांची चाचणी मात्र कोणत्याही पर्यायात आधीच करायला हवी होती. मॉड्यूलला फर्मवेअर देण्याआधी नुसती ए बाजूची अपलिंक पाच मिनिटं बंद करून पाहिली असती, तर हेच छिद्र दिसलं असतं आणि एका क्लिकने मागेही घेता आलं असतं. रीस्टार्टमध्ये ती सोय नसते. आणि हिरवी खूण फक्त 'लिंक आहे' एवढंच सांगते. पाकीट पलीकडे पोचतं का, हे तिला कोणी विचारलेलं नसतं.

बैठकीला कोणाला बोलवायचं याची यादी आम्ही नंतर खात्यांवरून करणं सोडलं. त्या तासांत कारखान्यात कोणाचं काम चालू असतं, हे गेटच्या रजिस्टरवरून काढायला लागलो. काकांनी ते रजिस्टर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा शनिवारच्या पानांवर चाकणची गाडी ओळीने दिसत होती. लेबलचा व्हीएम विंडोज सर्व्हर २००८ आर-टूवर होता, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपायचा होता. तो व्हीएम कोण वापरतं हे शोधतानाच खरं तर डिस्पॅच सापडायला हवं होतं. ती वेगळी कहाणी आहे.

मार्च २०२० मध्ये त्याच धाटणीची दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची. मार्च २०१७ च्या आमच्या चार ब्लेडमध्ये त्या डिस्क निघाल्या. हिशेबाने ऑक्टोबर २०२१ पर्यंत वेळ होता, पण आम्ही थांबलो नाही. बंडल वगैरे नाही, फक्त डिस्कची फाइल. तेवढ्यात लॉकडाऊन लागला. कारखाना पूर्ण बंद, हवी तेवढी मोकळी वेळ, आणि आत जायला कोणालाच परवानगी नाही. रॅकमधल्या त्या वेब सर्व्हरवर डिस्कची फाइल ठेवली आणि घरून व्हीपीएनने एकेक ब्लेड करत गेलो. सुरू करण्याआधी सवयीने गेटच्या केबिनला फोन लावला. काकांनी उचलला. "गाडी? अहो, रस्त्यावर कुत्रं नाही. करा काय करायचं ते."